एका आडनावाच्या मागोमाग

सिंगापुरात धाकट्या बहिणीकडे दीड महिना राहण्याचा योग आला, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला पाच ‘तान’ भेटले. भाच्याच्या दातांचे डॉक्टर तान, त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई तान, खालच्या चौकात फळे विकणारे गृहस्थ तान, बहिणीचे घरमालक तान. आणि विमानतळावरून आम्हांला घेऊन आलेल्या टॅक्सीवाल्याच्या परवान्यावरही तान! मराठी कानाला तान म्हटले की तंबोरा आठवतो. पण या तानेचा गाण्याशी काही संबंध नाही. सिंगापुरातील चिनी लोकांत सर्वांत जास्त आढळणारे हे आडनाव आहे. तिथले एक मोठे रुग्णालय तान तोक सेंग यांच्या नावाचे, आणि भुयारी रेल्वेचे एक स्टेशन तान का की यांच्या नावाचे.

मी मराठी शिकवते, आणि आडनावांची खोड मला त्या धंद्याबरोबरच लागली. हजेरी घेताना एखादे नवे आडनाव कानांवर आले की त्याचे गाव कुठले, हा प्रश्न जिभेवर आलाच! तेव्हा लोक जे दिवस खरेदीत घालवतात, ते मी या एका आडनावाच्या मागे घालवले. सिंगापूर, मग मलाक्का, मग पिनांग. आणि मध्येच सवलतीचे तिकीट मिळाले म्हणून चीनमधले ग्वांगझौ.

पहिला धडा फळवाल्या तानांनी दिला. “तुमचे आडनाव लिहायचे कसे?” असे मी विचारले, तर त्यांनी पपईच्या कागदावर दोन भागांचे एक अक्षर काढले आणि म्हणाले, “कान आणि पूर्व.” डावीकडचा भाग कानासारखा दिसतो, उजवीकडचा भाग म्हणजे ‘पूर्व दिशा’ या अर्थाचे अक्षर. चिनी माणूस आपले आडनाव फोनवरून सांगताना ‘कान-पूर्ववाला’ असे सांगतो, आपण ‘पोटफोड्या ष’ म्हणतो तसे. पंडितांच्या मते तो कान नव्हेच, ती टेकाडाची खूण आहे. पण नाव कानाचेच रूढ झाले आहे.

गंमत अशी की अक्षर एक आणि उच्चार अनेक. बीजिंगचा माणूस ते ‘छन’च्या जवळपास म्हणतो, आपल्या वर्तमानपत्रांत ते ‘चेन’ होते. हाँगकाँगात ते ‘चान’, हक्का लोकांत ‘चिन’, फुजियान प्रांताच्या दक्षिण भागात ‘तान’, व्हिएतनाममध्ये ‘त्रान’, कोरियात ‘जिन’. रोमन लिपीत हे सारे परके दिसतात. अक्षर समोर ठेवले की एका वाड्यातले निघतात. उलटही घडते. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या प्रेरणेने १९३७ साली चीन भवन उभे करणारे विद्वान तान युन-शान हे या घराण्यातले नव्हेत. त्यांचे ‘तान’ हे अक्षर निराळे, कुळ निराळे. आपल्या देवनागरीला हा भेद कळण्याची सोयच नाही. ती आवाज लिहिते. चिनी लिपी कुळ लिहिते.

आडनाव आधी आणि नाव मागून, हे तर सर्वांना ठाऊकच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले तेव्हा त्यांचे चिनी नाव ठरले ‘क दी-ह्वा’. कोटणीसातला पहिला ‘को’ तेवढा घेऊन त्याच्याशी जुळणारे ‘क’ हे चिनी आडनाव त्यांना मिळाले, आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी नावाअखेर हे ‘ह्वा’ घेतले होते. कोटणीस १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारले. त्यांच्या मुलाचे नाव ‘क यिन-ह्वा’, म्हणजे आडनाव बापाचे आणि नावात भारत व चीन. सोलापूरच्या एका आडनावाची अशी एक पिढी चीनच्या लिपीत लिहिली गेली.

पण आपण चेनांकडे वळू. या घराण्याचे मूळ हेनान प्रांतातील ह्वाययांग या गावी सांगतात. इ. स. पूर्व अकराव्या शतकात चौ वंशाच्या वू राजाने प्राचीन सम्राट शुन याचा एक वंशज शोधून काढला, त्याला आपली मुलगी दिली आणि ‘चेन’ नावाचे छोटे राज्य दिले. हा जावई म्हणजे हू-कुंग, सर्व चेनांचा मूळपुरुष. राज्य साडेपाचशे वर्षांहून जास्त टिकले, पण कधी मोठे झाले नाही. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेले. कन्फ्यूशियस शिष्यांसह याच मुलखात अडकला होता आणि त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली होती. तशातही तो गुरू वाद्य वाजवीत राहिला म्हणे; त्या आठवणीचे एक स्थान ह्वाययांगला आहे. इ. स. पूर्व ४७८च्या सुमारास चू राज्याने चेन राज्य गिळले. आणि मग, राज्य उरले नाही तेव्हा, तिथल्या लोकांनी राज्याचे नाव आडनाव म्हणून लावले.

इथे मला थांबावेसे वाटले. आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांचे तरी दुसरे काय आहे? गावात राहणाऱ्याला गावाचे नाव कोण कशाला लावील? ते लागते गाव सोडल्यावर, परक्यांच्या तोंडून. माझे माहेरचे आडनाव ज्या गावावरून पडले, ते गाव कोयनेचे धरण झाले तेव्हा पाण्याखाली गेले. वडिलांनी ते लहानपणी पाहिले होते. आम्ही भावंडांनी फक्त पाणी पाहिले. लग्नानंतर ते आडनाव माझ्याही नावामागून गेले. ह्वाययांगलाही गावाला लागून मोठे तळे आहे आणि हू-कुंगची कबर त्या तळ्याच्या पाण्यात असल्याचे सांगतात. जगभरचे चेन तिथे दर्शनाला येतात. तिथवर माझे जाणे झाले नाही.

राज्य बुडण्याच्या कितीतरी आधी, इ. स. पूर्व ६७२ मध्ये, चेनचा एक राजपुत्र जिवाच्या भीतीने ची राज्यात पळून गेला होता. त्याच्या वंशजांनी ‘तिएन’ हे आडनाव लावले. आज हे दोन शब्द वेगळे वाटतात. त्या काळी त्यांचे उच्चार जवळजवळ सारखे होते, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे सिंगापूरच्या फळवाल्याच्या ‘तान’मधला तो ‘त’ बीजिंगच्या उच्चारापेक्षा जुना आहे! पळून आलेल्यांचे हे घराणे आठ-दहा पिढ्यांत इतके वाढले की इ. स. पूर्व ३८६ मध्ये ते ची राज्याचेच मालक झाले. पुढे चिन सम्राटाने तेही राज्य बुडवले, तेव्हा त्यांतले काही जण पुन्हा ‘चेन’ झाले. आडनाव टाकणे आणि परत उचलणे ही या घराण्याची जुनी सवय दिसते.

मलाक्काच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडताना अरुंद, लांबलचक घरांच्या दारांवर सोनेरी अक्षरांच्या पाट्या दिसतात. एका घरासमोर मी विचारले, “हे मालकांचे नाव का?” उत्तर मिळाले, “नाही, हे यिंगच्वान.” यिंगच्वान हा हेनानमधला जुना परगणा. मलाक्काच्या या घरातले लोक पाच-सहा पिढ्या मलय बोलतात, त्यांच्या बायका सारोंग नेसत, मिरची-नारळाचे कालवण करीत. आणि दारावर मात्र तो दूरचा परगणा!

यिंगच्वानचे नाव राखले ते चेन शी या गृहस्थाने. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा साधा अधिकारी. एका रात्री घरात चोर शिरला आणि आढ्याच्या तुळईवर दडून बसला. चेन शीने तो पाहिला. पण आरडाओरडा न करता मुला-नातवांना उठवले, समोर बसवले आणि उपदेश सुरू केला, की माणूस जन्मतः वाईट नसतो, सवयीने बिघडतो. उदाहरणार्थ, ते तुळईवरचे सद्गृहस्थ! चोर धपकन खाली उतरला आणि पाय धरले. चेन शीने त्याला दोन ठाण रेशीम देऊन वाटेला लावले. आजही चिनी भाषेत चोराला ‘तुळईवरचे सद्गृहस्थ’ म्हणतात. मलाक्काच्या घराघरांत मुलांना सांगितली जाणारी ही गोष्ट आहे. राजाच्या मूळपुरुषापेक्षा मला हा पूर्वज अधिक आवडला. त्या गल्लीतला एक रस्ता आता तुन तान चेंग लॉक यांच्या नावाचा आहे. मलायाच्या स्वातंत्र्याच्या काळातले तिथल्या चिनी समाजाचे ते पुढारी.

उत्तरेतले हे लोक दक्षिणेच्या समुद्रापर्यंत कसे आले? लढायांमुळे, दुष्काळांमुळे आणि सरकारी हुकमाने. इ. स. ६६९ मध्ये थांग सम्राटाने बंड मोडायला एक चेन सेनापती फुजियानकडे पाठवला. त्याचा मुलगा चेन युआन-क्वांग बापामागून तिथेच राहिला, जंगल तोडून वस्ती केली आणि ६८६ मध्ये झांगझौ हा नवा जिल्हा मंजूर करून घेतला. ७११ मध्ये तो लढाईत पडला. लोकांनी त्याचा देव केला. ‘झांगझौ उघडणारा पवित्र राजा’ हे त्या देवाचे नाव. सिंगापूरच्या मॅगझीन रोडवर तान कुळाचे जे देऊळ आहे, त्याचा अधिदेव हाच. दगडी खांबांवर नाग, छपराच्या कडेवर चिनी मातीची चित्रे, आत उदबत्त्यांचा धूर. आणि बाहेर सभोवार काचेच्या उंच इमारती. देऊळ १८७८ साली पुरे झाले. ते बांधवण्यात पुढाकार तान किम चिंग यांचा; हे तान तोक सेंग यांचे चिरंजीव.

तान तोक सेंग यांचा जन्म १७९८ मध्ये मलाक्काला झाला. सिंगापूर वसले तशी ही स्वारी तिथे आली आणि भाजी, फळे, कोंबड्या विकू लागली. पुढे व्यापारात पैसा झाला, आणि त्यातून गरिबांसाठी रुग्णालय उभे राहिले. त्याचा पाया १८४४ साली घातला गेला. तान का की यांची गोष्ट त्याहून विलक्षण. ते १८७४चे, शियामेनजवळच्या जिमेई गावचे. बापाची पेढी बुडाली. ते कर्ज फेडायला कायद्याने बांधलेले नसतानाही त्यांनी ते फेडले. मग अननसाचे डबे आणि रबर यांत अफाट पैसा मिळवला आणि तो जिमेईच्या शाळांत आणि १९२१ साली काढलेल्या शियामेन विद्यापीठात ओतला. मंदीत धंदा कोसळला, तेव्हा राहते बंगले विकून विद्यापीठ चालवले. शेवटी १९३४ मध्ये कंपनी बंद झाली. कॉलेजात नोकरी करणाऱ्या माणसाने ही हकीकत ऐकून थोडे गप्पच बसावे.

ग्वांगझौला मात्र मी थक्क झाले. तिथे ‘चेन कुळाची पाठशाळा’ आहे. हिच्याही नावाचे रेल्वे स्टेशन आहे! क्वांगतुंग प्रांतातल्या ७२ जिल्ह्यांतल्या चेनांनी वर्गणी काढून १८९४ मध्ये ती पुरी केली. एकोणीस इमारती, मध्ये अंगणे, आणि छपरावर शेकडो रंगीत मातीच्या बाहुल्या, की मान दुखेपर्यंत पाहत राहावे. शहरात कुळांची मोठी देवळे सरकारला खपत नसत, कारण कुळ एकत्र जमले की फौज व्हायला वेळ लागत नाही. म्हणून नाव ठेवले पाठशाळा. खेड्यांतून राजपरीक्षेला येणारी कुळातली मुले इथे उतरत. पुरती अकरा वर्षे झाली नाहीत तोच, १९०५ मध्ये, ती परीक्षाच रद्द झाली! १९५९ पासून तिथे लोककलेचे संग्रहालय आहे. हस्तिदंती कोरीव काम सुरेख मांडले आहे. पूजा होत नाही.

कुळ एकत्र ठेवण्याचा हव्यास किती, याची एक गोष्ट तिथल्या एका शिक्षकाने सांगितली. जियांगशी प्रांतात चेनांचे एक घराणे पंधरा पिढ्या अविभक्त राहिले. परंपरा सांगते की माणसे ३९०० झाली तरी चूल एक. त्यांचे शंभर कुत्रेही एकत्र जेवत, आणि एक जरी यायचा राहिला तरी बाकीचे नव्याण्णव तोंड लावीत नसत! १०६२ मध्ये सम्राटाने हुकूम काढून या घराचे २९१ भाग केले आणि निरनिराळ्या प्रांतांत धाडले. कुत्र्यांचे मी सोडून देते. पण ३९०० माणसांच्या स्वयंपाकाला कोण कोण उभे होते, हे त्या परंपरेत कुठे आलेले नाही.

समुद्रापलीकडे या आडनावाचे भाग्य जागोजागी निराळे झाले. व्हिएतनाममध्ये फुजियानहून आलेल्या कोळ्यांचे वंशज ‘त्रान’ १२२५ मध्ये राजे झाले. मंगोलांना त्यांनी तीनदा परतवले. सिंहासन घराबाहेर जाऊ नये म्हणून ते आपल्याच कुळात लग्ने करीत. चीनमध्ये एका आडनावात सोयरीक म्हणजे आपल्याकडे सगोत्र विवाह, तेव्हा हे केवढे धाडस! आणि याच त्रानांनी १२३२ मध्ये आधीच्या ‘ली’ राजवंशातल्या सर्वांना आडनाव टाकून ‘न्गुयेन’ व्हायला लावले. दुसऱ्याचे आडनाव पुसण्याची विद्या यांनाही येत होती.

ती पाळी पुढे त्यांच्यावरही आली. इंडोनेशियात १९६५च्या उलथापालथीनंतर, १९६६च्या डिसेंबरात, चिनी वंशाच्या नागरिकांनी नावे बदलावीत असा सरकारी निर्णय निघाला. तान लोकांनी काय करावे? त्यांनी नव्या नावाच्या पोटात जुने लपवले. कोणी तनुविजया झाला, कोणी सुतांतो, कोणी हर्तांतो. विजया, तनु हे तर आपले संस्कृत शब्द! नाव वाचून कारकुनाला जावानी माणूस दिसावा, आणि जाणत्याला आतला ‘तान’ ऐकू यावा. १९९८ नंतर ही सक्ती सैल झाली. पण तीस वर्षांत जन्मलेल्या मुलांना नवे नावच आपले वाटणार, यात नवल नाही.

अमेरिकेत तर आडनावांचा बाजार झाला. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झाले. १९०६च्या भूकंपात नि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्माची दप्तरे जळाली, आणि अनेकांनी आपण इथेच जन्मलो असे सांगून नागरिकत्व मिळवले. मग त्यांची ‘मुले’ चीनमधून येऊ लागली. त्यांतली कितीतरी कागदावरची. चेनाचा मुलगा पैसे देऊन दुसऱ्याच कुळाचा होई. बोटीवर तो त्या खोट्या घराची माहिती घोकी: घराला पायऱ्या किती, विहीर कुठे; आणि किनारा दिसला की ती वही समुद्रात टाकी. कायदा १९४३ मध्ये गेला, पण आडनावे तशीच राहिली. तिकडच्या काही थडग्यांवर इंग्रजीत एक आडनाव आहे आणि चिनीत दुसरे. आपल्या मुलांच्या आवडत्या जॅकी चॅनचेही असेच. त्याचे वडील मूळचे ‘फांग’. हाँगकाँगला पळून येताना ‘चान’ झाले, आणि मुलाला हे कळले तो चांगला मोठा झाल्यावर. इथे उलट, चेनांचे आडनाव दुसऱ्याला आसरा झाले.

आपल्या मुंबईतही माझगावला नवाब टँकजवळ चिनी लोकांचे एक छोटे देऊळ आहे. ‘सी यूप’, म्हणजे ग्वांगझौच्या पलीकडले ‘चार जिल्हे’, तिथून आलेल्या खलाशी-सुतारांनी उभारलेले. अमेरिकेला गेलेले पुष्कळसे लोकही त्याच चार जिल्ह्यांतले. १९६२च्या युद्धात भारतातल्या हजारो चिनी वंशीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले गेले, त्यांत इथे जन्मलेली मुले होती. चिनी आडनाव एवढाच पुष्कळांचा अपराध होता. नंतर कितीतरी कुटुंबे कॅनडाला गेली.

पिनांगला बीच स्ट्रीटजवळ एका अंगणाच्या आत तान कुळाचा जुना वाडा आहे. फुजियानी उच्चारात त्याचे नाव ‘एंग च्वान तोंग’. म्हणजे तेच मलाक्काच्या दारावरचे यिंगच्वान. तिथे पायरीवर एक सत्तरीचे गृहस्थ भेटले. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना ‘अंकल’ म्हटले. गप्पा वाढल्या तसे ते मला जवळच्या आपल्या घरी घेऊन गेले, चहा दिला आणि कपाटातून वंशावळीची वही काढली. एका पिढीतल्या सर्व मुलांच्या नावात एक अक्षर सारखे. वही उघडली की कोण कोणाचा काका, हे अक्षरावरून कळते. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीत अशा पुष्कळ वह्या जळाल्या. यांच्या मूळ गावचीही गेली. १९८०च्या पुढे ते स्वतः ही वही घेऊन फुजियानला गेले आणि गावकऱ्यांनी तिच्यावरून आपली वही पुन्हा लिहून काढली.

मी वही चाळू लागले. अक्षरे वाचता येत नव्हती, पण ‘कान-पूर्व’ ओळखू येत होते. “बायका कुठे आहेत?” मी विचारले. त्यांनी दाखवले: ‘लिम घराण्यातली’, ‘ओंग घराण्यातली’, एवढेच. चिनी स्त्री लग्नानंतर बापाचे आडनाव टाकत नाही, हे ऐकून मला मघापर्यंत हेवा वाटत होता. आडनाव राहते, नाव मात्र वहीत येत नाही. सासरच्या वहीत ती माहेरचे आडनाव म्हणून राहते आणि माहेरच्या वहीत बहुधा नसतेच. माझ्याकडे निदान नाव तरी उरले, असे मी म्हटले तेव्हा अंकल मोठ्याने हसले.

“तुमचे माहेरचे गाव अजून आहे?” त्यांनी विचारले. मी धरणाचे सांगितले. ते काही बोलले नाहीत. चहा पुन्हा ओतला.

मग त्यांनी शेवटचे पान उघडले. छापील मजकूर त्यांच्या मुलांपाशी संपला होता. त्याखाली त्यांनी बॉलपेनने नातीचे नाव घातले होते, रोमन लिपीत. मुलगी मेलबर्नला असते, चिनी लिहिता येत नाही. नावाच्या आधी बोटभर जागा कोरी होती.

“इथे आडनाव राहिले का?” मी विचारले.

“ते ती येऊन लिहिणार आहे,” अंकल म्हणाले. “कान येतो तिला. पूर्व अजून वाकडी येते.”